भुकेचं घड्याळ



गेल्या महिन्यात सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, ‘बाई, आमची मधली सुट्टी साडेअकराला होते. बरोबर सव्वाअकराला माझ्या पोटात कावळे ओरडायला लागतात. आमच्या वर्गात घड्याळ नाही, मग पोटाला वेळ कशी कळते? आणि गंमत म्हणजे रविवारी नाश्ता उशिरा झालेला असला, तरी साडेअकराच्या सुमाराला तशीच भूक लागते. आई म्हणते, ही खोटी भूक. भूक खोटी असते का हो?’

प्रश्न दोन ओळींचा, पण त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त वर्षं खर्च केली आहेत. अजूनही ते काम संपलेलं नाही. चला तर, आज आपण या कावळ्यांच्या मागं जाऊ.

‘त्यात काय एवढं, पोट रिकामं झालं की भूक लागते!’ असं तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले वॉल्टर कॅनन यांनाही असंच काहीसं वाटत होतं. पण नुसतं वाटून उपयोग नाही, ते दाखवायला हवं ना! त्यांचा एक विद्यार्थी होता वॉशबर्न. हा गडी भलताच धाडसी. त्यानं चक्क रबराचा एक फुगा गिळला! फुग्याला लांब नळी जोडलेली, नळीचं दुसरं टोक तोंडातून बाहेर. नळीची सवय व्हावी म्हणून तो आधी बरेच दिवस रोज काही तास घशात नळी घेऊन हिंडत होता म्हणे. (घरी कुणीही असला उद्योग करायचा नाही. आधीच बजावून ठेवते.)

मग जठरात गेलेला फुगा हवेनं जरासा फुगवला. जठर आकुंचन पावलं की फुगा दाबला जायचा, नि बाहेर फिरत्या कागदावर रेघ वर उठायची. वॉशबर्नला तो कागद दिसत नव्हता. त्याला फक्त एवढंच सांगितलेलं, की पोटात भुकेची कळ आली की हाताशी असलेलं बटण दाबायचं. प्रयोग झाल्यावर कागद बघितला तर काय! जठराच्या आकुंचनाची रेघ उठत होती, नि त्याच्याच जोडीला बटणाची खूण पडलेली. १९१२ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. पोटातले कावळे पहिल्यांदा कागदावर आले ते असे!

पोटात जो गुडगुड आवाज येतो ना, तोही अशाच आकुंचनांचा. जेवण पचून जठर-आतडी मोकळी झाली की साधारण दीड-दोन तासांनी एक मोठी लाट जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते. राहिलेलं साहिलेलं पुढं ढकलते. जेवणानंतर आपण ओटा पुसून घेतो, तसलाच प्रकार. आत हवा नि पाणी असतं, ते हलतं नि आवाज होतो. जेवण झाल्यावरही आवाज होतो, पण भरल्या पोटात तो दबून जातो. म्हणून वर्गात शांतता असताना पोट बोललं तर लाजायचं काही कारण नाही. आतली झाडलोट चाललीय, एवढंच.

पण मग इथं एक अडचण आली. काही आजारांत डॉक्टरांना रुग्णाचं जठर काढून टाकावं लागतं. जठरच नाही, तर आकुंचन कुठलं? तरी त्या माणसांना भूक लागतेच. म्हणजे कळ हे भुकेचं एक लक्षण झालं. सगळी भूक तेवढ्यात मावत नाही. आणखी कुणीतरी मेंदूकडे निरोप पोचवत असणार.

हे निरोपे कोण? त्यांची जात कॅननच्या आधीच सापडली होती. लंडनमध्ये १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांना दिसलं, की आतड्यातून एक रसायन रक्तात उतरतं, रक्ताबरोबर स्वादुपिंडापर्यंत जातं नि त्याला ‘पाचक रस सोड’ असं सांगतं. मज्जातंतूची तार नाही, काही नाही, थेट रक्तातून टपाल! अशा रसायनांना स्टार्लिंगनं १९०५ साली हार्मोन हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जागं करणारा, चेतवणारा. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो.

भुकेचा निरोप नेणारं संप्रेरक सापडायला मात्र १९९९ साल उजाडलं. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा हे शास्त्रज्ञ शरीराच्या वाढीशी संबंधित असलेलं एक रसायन शोधत होते. ते त्यांना मेंदूत सापडेल अशी अपेक्षा. सापडलं कुठं? उंदराच्या जठरात! त्याचं नाव ठेवलं घ्रेलिन. वाढणे या अर्थाच्या एका फार जुन्या मूळ शब्दावरून हे नाव आलं. पुढं कळलं, की हे घ्रेलिन जठरातून रक्तात उतरतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागाला जाऊन सांगतं, ‘अहो, जेवणाचं बघा!’ झालं, आपल्याला भूक लागते.

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात काही संशोधकांनी दहा निरोगी माणसांचं रक्त दिवसभर ठरावीक वेळानं तपासलं. त्यांचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी. २००१ साली त्यांनी निष्कर्ष सांगितला. प्रत्येक जेवणाच्या आधी घ्रेलिन चढत जातं, जवळजवळ दुपटीपर्यंत. आणि जेवल्यावर तासाभरात खाली उतरतं. आलेखावर तीन टेकड्या, तीन दऱ्या. म्हणजे जेवण समोर यायच्या आधीच जठराला सुगावा लागलेला असतो!

तुम्ही म्हणाल, ‘पोट रिकामं होत गेलं म्हणून चढलं असेल.’ शाब्बास, अशी शंका घेतलीच पाहिजे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी निरोगी माणसांना दिवसभर जेवणच दिलं नाही, नि रक्त तपासत राहिले. पोट रिकामं असेल तर घ्रेलिन चढत चढत जायला हवं, हो की नाही? तसं झालं नाही. रोजच्या जेवणाच्या वेळा आल्या की ते चढलं, आणि काहीही न खाता पुन्हा आपोआप उतरलं! हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

आहे की नाही गंमत? उपासाच्या दिवशी आजी म्हणते, ‘एकदा जेवणाची वेळ टळली की मग काही वाटत नाही.’ आजीनं घ्रेलिनचं नावही ऐकलेलं नसतं, पण तिचं म्हणणं रक्ताच्या तपासणीत जसंच्या तसं उतरलेलं आहे. भूक लाटेसारखी येते नि ओसरते.

तेव्हा आपल्या मैत्रिणीला उत्तर मिळालं. तुझ्या शरीराला साडेअकराची सवय लागलीय. रोज त्याच वेळी डबा उघडतो, म्हणून जठर पंधरा मिनिटं आधीच तयारीला लागतं. रविवार आहे हे त्याला कोण सांगणार? आणि ही भूक खोटी मुळीच नाही हं. निरोप खरा आहे. फक्त तो सवयीच्या वेळेनं निघालेला आहे. हे घड्याळ हळूहळू मागंपुढंही करता येतं. सकाळच्या शाळेची दुपारची शाळा झाली की आमच्या वर्गातली पोरं सुरुवातीला जुन्याच वेळेला चुळबुळ करतात. डबा चाचपतात, पाण्याला जायची परवानगी मागतात. मग काही दिवसांनी चुळबुळीची वेळ सरकते. मी फळ्यासमोर उभी राहून ही वेळ सांगू शकते, एवढी ती नेमकी असते.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला कुठलंही मूल आळशी दिसतं. भागाकार चुकतात, अक्षर वाकडं येतं, शेजाऱ्याशी भांडणं होतात. पण त्यातली काही मुलं अशी असतात, की त्यांच्या पोटात आदल्या रात्रीपासून काही गेलेलं नसतं. आईवडील पहाटे मजुरीला गेलेले, घरात चहा झाला तर झाला. या मुलांच्या बाबतीत सवयीच्या घड्याळाची गोष्ट सांगून भागत नाही. त्यांना जेवणच हवं असतं. म्हणून शाळेतला पोषण आहार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. माझ्या लहानपणी आम्हाला शाळेतून महिन्याचे तांदूळ मिळायचे, ते पिशवीतून घरी न्यायचे. पुढं २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की मुलांना शिजवलेलं अन्नच द्या. मग शाळेच्या आवारात चुली पेटल्या. आज योजनेचं नाव बदललंय, २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात, पण मुलं अजून ‘खिचडी’च म्हणतात. खिचडीला फोडणी बसली की वास वर्गात शिरतो, नि मग मी कितीही छान शिकवलं तरी निम्मा वर्ग खिडकीकडं! घ्रेलिनपुढं शिक्षकाचं काही चालत नाही, बरं का.

बरं, भूक लावणारा निरोप्या कळला. मग ‘पुरे आता’ म्हणणारा कोण? तो एकटा नाही, त्यांचं मंडळच आहे. काही थोड्या वेळासाठी काम करतात, त्यांच्याकडे नंतर येते. आधी एका मोठ्या निरोप्याची गोष्ट सांगते, कारण ती मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते.

अमेरिकेत बार हार्बर इथं जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथं उंदीर पाळून त्यांचा अभ्यास करतात. १९४९ साली तिथं एक विचित्र उंदीर जन्मला. सारखा खायचा. थांबायचाच नाही. फुगत फुगत भावंडांच्या कितीतरी पट झाला. पुढं त्याच प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी अशा लठ्ठ उंदराचा रक्तप्रवाह एका साध्या उंदराच्या रक्तप्रवाहाशी जोडून पाहिला. तर लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं! म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात ‘पुरे’ म्हणणारं काहीतरी होतं, जे या बिचाऱ्याकडे जन्मतःच नव्हतं. ते काय होतं, हे १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. त्याचं नाव लेप्टिन. ते शरीरातल्या चरबीतून येतं नि मेंदूला कोठाराचा हिशेब सांगत असतं, ‘धान्य भरपूर आहे, काळजी नको.’

उंदरांचं असं, पण माणसांचं काय? १९९७ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची हकीगत प्रसिद्ध केली. घराणं मूळचं पाकिस्तानातलं. त्यातली मुलगी आठ वर्षांची, आणि वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघंही जन्मले तेव्हा वजन अगदी नेहमीसारखं होतं. मग भूक अशी सुरू झाली की थांबेचना. तपासलं तर त्या दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळपास तयारच होत नव्हतं. कोठार ओसंडून वाहतंय, पण मेंदूला निरोपच नाही! मेंदू समजतोय, घरात दाणा नाही. पुढं त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली. तिची भूक इतर मुलांसारखी झाली, आणि वर्षभरात तिचं वजन सोळा किलोंहून जास्त उतरलं. तिच्यावर कुणी पहारा ठेवला नव्हता, तिला कुणी धाक घातला नव्हता. निरोप पोचला, एवढंच.

असं लेप्टिन नसणं अगदी विरळा, हे लक्षात ठेवा. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन उलट जास्तच असतं, पण मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून त्यांना लेप्टिन टोचून फारसा फायदा झाला नाही. पण या मुलीची हकीगत मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगते. कारण प्रत्येक वर्गात एखादं मूल असतं, ज्याला बाकीची ‘ढोल्या’, ‘खादाड’ म्हणून हाक मारतात. त्या मुलाच्या शरीरात कुठला निरोप पोचतोय नि कुठला नाही, हे चिडवणाऱ्याला माहीत असतं का?

आता त्या छोट्या मंडळाकडे वळू. घास आतड्यात उतरले, त्यातले प्रथिनं नि स्निग्ध पदार्थ तिथं पोचले, की आतड्यातून काही संप्रेरकं सुटतात. त्यांची नावं लांबलचक आहेत, ती कॉलेजात गेल्यावर पाठ करा. ती मेंदूला सांगतात, ‘आलं हं जेवण, आवरा.’ पण ही मंडळी वेळ घेतात. घास तोंडातून आतड्यात जायला, संप्रेरक सुटायला, रक्तातून मेंदूत पोचायला वेळ लागणारच ना. साधारण पंधरा-वीस मिनिटं धरा. तुम्ही पाच मिनिटांत डबा फस्त करून मैदानावर पळता, तेव्हा निरोप अजून वाटेतच असतो. म्हणून घाईघाईनं खाणारा जास्त खातो, नि मग दहा मिनिटांनी पोट धरून बसतो. लग्नाच्या पंगतीत हे हमखास दिसतं!

काय खाल्लं यावरही बरंच ठरतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात १९९५ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना ३८ वेगवेगळे पदार्थ खायला दिले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा, म्हणजे ऊर्जा सारखीच. मग दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. तर पहिला नंबर कुणाचा आला असेल? उकडलेल्या बटाट्याचा! त्याला ३२३ गुण. आणि त्याच बटाट्याच्या पाकिटातल्या तळलेल्या वेफर्सना? ९१. सगळ्यात खाली होता लोण्याचे पदर असलेला, आपल्या खारीचा चुलतभाऊ शोभेल असा एक बेकरीचा पदार्थ, क्रॉसाँ. त्याला ४७. संत्र्याला मात्र दोनशेच्या वर गुण मिळाले.

असं का झालं? २४० कॅलरींसाठी उकडलेले बटाटे खायचे तर तीन-चार बटाटे संपवावे लागतात. त्यात पाणी भरपूर, जठर चांगलं ताणलं जातं, चावायलाही वेळ लागतो. तेवढ्याच कॅलरींचे वेफर्स म्हणजे एक छोटं पाकीट, टीव्ही बघता बघता कधी संपलं ते कळतही नाही. आता हीच नजर आपल्या ताटावर टाका. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर यांत चोथा आहे, प्रथिनं आहेत, पाणी आहे. चहा-बिस्किटात मैदा, साखर नि तूप-तेल. बिस्किटं खाऊन शाळेत आलेल्या मुलाला तासाभरात पुन्हा भूक लागली तर त्यात त्याचा हावरटपणा नाही. साबुदाण्याच्या खिचडीची गोष्ट थोडी वेगळी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ. नुसता खाल्ला तर लवकर पचून मोकळा. पण आपल्याकडे त्यात दाण्याचं कूट घालतात, सोबत दही घेतात, त्यानं तो बराच तग धरतो. ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ हे मात्र ज्यानं त्यानं आपापल्या मनाशी तपासावं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ साली याहून मोठा प्रयोग झाला. वीस मोठ्या माणसांना महिनाभर तिथंच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं, दोन आठवडे साध्या ताज्या पदार्थांचं जेवण. पुढ्यात ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार खाण्याच्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. ताज्या जेवणाच्या आठवड्यांत भुकेचं घ्रेलिन खाली होतं आणि ‘आवरा’ सांगणारं एक संप्रेरक वर. पाकिटावर काय लिहिलंय यापेक्षा पाकीट आहे की नाही, हे आधी बघावं असं माझं मत झालंय ते यामुळंच.

मनाचाही यात हात असतो बरं का! २०११ साली अमेरिकेत काहीजणांना मिल्कशेक दिला. एका आठवड्यात बाटलीवर लिहिलं, ‘भरपूर मलईदार, ६२० कॅलरी.’ दुसऱ्या आठवड्यात, ‘हलका, १४० कॅलरी.’ आत मात्र दोन्ही वेळा तोच ३८० कॅलरींचा मिल्कशेक! मलईदार म्हणून प्याल्यावर घ्रेलिन झपकन उतरलं. हलका म्हणून प्याल्यावर ते फारसं हललंच नाही. म्हणजे जठर आपलं वाचनही ऐकतं!

पालकांनो, पुढचं थोडं तुमच्यासाठी.

रात्रीचं जेवण किती वाजता करायचं, हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. बोस्टनमध्ये २०२२ साली सोळा जादा वजनाच्या माणसांवर अभ्यास झाला. जेवण तेच, तेवढंच, फक्त एकदा नेहमीच्या वेळी नि एकदा सुमारे चार तास उशिरा. उशिरा जेवल्यावर त्यांना दिवसभरात भूक लागण्याची शक्यता दुप्पट झाली, लेप्टिन घटलं, शरीर ऊर्जाही कमी खर्च करू लागलं. ही मोठी माणसं होती, मुलं नव्हती, आणि संख्याही थोडी. तेव्हा यावरून नियम काढू नका. पण शिकवणी, मग मालिका, मग साडेदहाला जेवण, असा क्रम असेल तर शिकवणीआधी काहीतरी भरीव खायला द्यावं आणि जेवण शक्य तेवढं अलीकडं आणावं, असं मी सुचवते.

झोपेचंही तेच. २००४ साली शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास झोपायची मुभा होती त्या वेळच्या मानानं त्यांचं घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि लेप्टिन १८ टक्के कमी निघालं. ओढ कशाची वाढली? गोड, खारट नि पिठूळ पदार्थांची. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. शाळा उशिरा भरली, पण मूल रात्री बारापर्यंत मोबाइलवर, मग शासन काय करणार?

आणि ‘ताटात काही टाकायचं नाही’ या शिस्तीबद्दल. अन्न वाया घालवू नये हे अगदी मान्य. पण त्यासाठी आधी कमी वाढा, हवं तर पुन्हा घेऊ द्या. पोट भरल्याचा निरोप आलेला असताना ‘एवढी पोळी संपवच’ म्हणून दटावलं, तर मूल हळूहळू त्या निरोपाकडं लक्ष द्यायचं सोडतं.

मोठ्या मैत्रिणींनो, म्हणजे आठवी ते दहावीतल्यांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. मुलगेही वाचोत. बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडणाऱ्या मुली मला भेटतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २०११ साली एक अभ्यास झाला. पन्नास जादा वजनाच्या माणसांना दहा आठवडे फार थोड्या कॅलरींवर ठेवलं. वजन उतरलं. पण घ्रेलिन चढलं, लेप्टिन पडलं, आणि वर्ष झालं तरी ते पूर्वीच्या जागी आलं नव्हतं. भूकही आधीपेक्षा जास्तच राहिली. शरीराला वाटतं, दुष्काळ पडलाय, नि ते सगळे निरोपे कामाला लावतं. तुमचं तर वाढीचं वय. उंची, हाडं, रक्त, सगळ्याचं बांधकाम चालू आहे. वजनाची काळजी वाटत असेल तर घरी बोला, डॉक्टरांना विचारा. मैत्रिणीच्या सांगण्यावरून डबा परत आणू नका.

आता या आठवड्याचा उद्योग. एक जुनी वही घ्या, तिला नाव द्या ‘भुकेची वही’. सात दिवस, जेव्हा भूक लागेल तेव्हा वेळ लिहायची. पोटात कळ आली, की वासानं लागली, की दुसरा खातोय म्हणून लागली, तेही लिहायचं. शेवटचं काय खाल्लं होतं नि रात्री किती वाजता झोपला होता, हे त्याच ओळीत. एखाद्या दिवशी जेवणाआधी भूक आली तर अर्धा तास खेळात रमून बघा, ती तेवढीच राहते, वाढते की ओसरते. (आजारी मुलांनी, आणि मधुमेहासाठी औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा अर्ध्या तासाचा भाग करायचा नाही. जेवण वेळेवरच.) आठवड्यानं वहीतल्या वेळा एका आडव्या रेघेवर मांडा. टेकड्या कुठं आल्या ते कळवा. सकाळच्या शाळेच्या नि दुपारच्या शाळेच्या मुलांच्या टेकड्या शेजारी शेजारी ठेवून बघायची मला फार उत्सुकता आहे.

पुढच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या एका पाचवीतल्या मित्राचा प्रश्न घेऊ : दुसऱ्यानं जांभई दिली की आपल्याला का येते?

तुमची,
बाई